न दुखणारं दुखणं

"डॉक्टर, काय ते औषध द्या, पण दात साफ करू नका. साफ केले की हलायला लागतात."

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी गेली पस्तीसएक वर्षं मी दातांचा दवाखाना चालवतो. या काळात हे वाक्य किती वेळा ऐकलं असेल, त्याची मोजदाद नाही. बोलणारे मात्र नाना तऱ्हेचे. साखर कारखान्यातला फिटर, प्राथमिक शाळेच्या बाई, द्राक्षबागायतदार, एकदा तर चांगले नावाजलेले वकीलसाहेब. सुरुवातीला मी चिडत असे. खुर्चीत बसलेल्या माणसाला शास्त्र समजावण्याच्या भरात आवाज चढत असे. आता चिडत नाही. कारण हे वाक्य मला सर्वांत आधी ऐकवलं ते माझ्या आईनं, आणि तेही माझ्याच हातून दात साफ करून घेतल्यावर.

१९८७ सालची गोष्ट. मी मुंबईला दंतवैद्यकाच्या शेवटच्या वर्षाला होतो. आई परळला मावशीकडे आली होती. वय अवघं बेचाळीस. "तुझं कालिज तरी बघू दे," म्हणाली, म्हणून घेऊन गेलो. आमच्या घराण्यात कुणी डॉक्टर नव्हता, तेव्हा पांढरा कोट घातलेला मुलगा बघण्यात तिला काय वाटत असेल, ते मी सांगायला नको. मलाही हात दाखवायची हौस होतीच. खुर्चीत बसवलं, दिवा लावला आणि तोंड उघडायला सांगितलं.

आईचे दात मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. म्हणजे रोज पाहत होतो, पण आईचे दात काळेच असतात, अशी लहानपणापासूनची समजूत. आई मिश्री लावायची. तिची आई लावायची, सासू लावायची, गल्लीतल्या साऱ्याजणी लावायच्या. ज्यांना मिश्री ठाऊक नाही अशा शहरी वाचकांसाठी सांगतो: तंबाखू तव्यावर टाकून काळीकुट्ट होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि डबीत भरून ठेवायची. पहाटे चूल पेटवण्याआधी चिमूटभर बोटावर घेऊन दातांवर, हिरड्यांवर चोळायची आणि तशीच धरून बसायची. तो वास, तो घरभर होणारा ठसका अजून माझ्या नाकात आहे. नाव दात घासण्याचं, काम तंबाखूचं. म्हणून तर ती सकाळी एकदा लावून भागत नाही. दुपारी जेवणानंतर लागते, रानात भांगलताना लागते, पोट साफ होत नाही म्हणून लागते, भूक मारायची म्हणूनही लागते.

खालच्या पुढच्या सहा दातांच्या आतल्या बाजूला किटणाचा असा थर होता की दात वेगवेगळे दिसतच नव्हते. एक अखंड काळपट भिंत. या जागी किटण का साठतं, ते आम्ही नुकतंच शिकलो होतो. जिभेखालच्या लाळग्रंथींची तोंडं नेमकी तिथं उघडतात, आणि लाळेतले क्षार दातांवरच्या थरात बसून तो दगडासारखा घट्ट होतो. मी हत्यार लावलं. पहिलाच तुकडा निघाला तो दोन दातांइतका. पाऊण तासात सगळं साफ केलं, मास्तरांना दाखवलं, त्यांनी मान डोलावली. मी खुशीत.

आईनं चूळ भरली, जीभ फिरवली आणि तिचा चेहरा उतरला. जिथं सपाट भिंत होती तिथं फटी लागत होत्या. बोटानं चाचपलं तर दोन दात चक्क डुगडुगत होते. "आरं, धड हुतं की माझं दात. तू हलवलंस," एवढंच बोलली. परळपर्यंतच्या वाटेत एक शब्द नाही. पुढच्या वर्षभरात त्यातले चार दात गेले. गावात बोभाटा झाला की पोरानं शिकाऊपणी आईचे दात पाडले. त्यानंतर सात वर्षं तिनं मला तोंडात बघू दिलं नाही.

त्या दिवशी काय झालं होतं, हे मी तिला तेव्हा नीट सांगू शकलो नाही. परीक्षेत लिहिता येत होतं, आईला सांगता येत नव्हतं. आता सांगतो.

दात हा हाडात सिमेंट ओतून पक्का केलेला खांब नव्हे. हाडाच्या खोबणीत तो हजारो बारीक तंतूंनी बांधलेला असतो, जणू टांगलेला. हाड आणि मूळ यांच्यात जेमतेम पाव मिलिमीटर जागा, तीत हे तंतू. वरून हिरडीची कॉलर. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक नाजूक खाच असते. निरोगी माणसात ती एक ते तीन मिलिमीटर खोल. सगळा खेळ या खाचेत आहे. दातांवर रोज जंतूंचा एक चिकट, पांढुरका थर बसतो. सकाळी उठल्यावर दातांवरून नख फिरवलंत तर नखाला लागतो तोच. तो रोज निघाला तर काही बिघडत नाही. राहिला तर दोन-तीन दिवसांतच त्याचं किटण होऊ लागतं, आणि किटणाच्या खरबरीत पाठीवर नवा थर आणखी आरामात बसतो. हिरडी सुजते, लाल होते, ब्रश लागला की रक्त येतं. इथवर सगळं परत फिरण्याजोगं आहे. पण काही लोकांत सूज खाली उतरते. शरीर या जंतूंशी लढतं आणि त्या लढाईत आपलंच हाड विरघळवून मागं सरकतं. तंतू तुटतात, खाच खोल होते, चार, सहा, आठ मिलिमीटर. तिला आम्ही पॉकेट म्हणतो. जुने लोक या सगळ्याला पायोरिया म्हणत.

ओढ्याकाठच्या झाडाची माती पुरानं धुऊन न्यावी आणि मुळांत अडकलेल्या दगडगोट्यांवर ते झाड कसंबसं उभं राहावं, तशी माझ्या आईच्या दातांची गत होती. हाड केव्हाच गेलं होतं. किटणानं सहा दात एकमेकांना चिकटवून धरले होते, म्हणून ते हलत नव्हते. मी दगडगोटे काढले. न काढते तर झाड वाचलं असतं का? नाही. किटणाखाली हाड झिजतच राहिलं असतं, शेजारच्या दातांनाही घेऊन गेलं असतं. पण काढण्याआधी हे तिला सांगायला हवं होतं, दात किती हलतात ते तिच्या बोटानं तपासायला लावायला हवं होतं. ते मी केलं नाही. ती चूक माझीच.

या रोगाचा सगळ्यात मोठा कावेबाजपणा म्हणजे तो दुखत नाही. किडलेला दात रात्री झोपू देत नाही, माणूस पहाटेच दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसतो. हिरडी मात्र वीस वर्षं मुकाट्यानं झिजते. खुणा असतात, पण आपण त्यांचे भलतेच अर्थ लावतो. पेरूचा चावा घेतल्यावर फोडीवर लाल डाग दिसला, तर "उष्णता झाली." तोंडाला वास येतो, तर "पोट बिघडलंय." एका बाईंच्या पुढच्या दोन दातांत अडतिसाव्या वर्षी नव्यानं फट पडली. फट असणं भाग्याचं असं सासूबाई म्हणाल्या, म्हणून त्या दोन वर्षं थांबल्या. जन्मापासून असलेली फट निराळी. चाळिशीत पडू लागलेली फट म्हणजे दात जागा सोडू लागल्याची खूण आहे.

रक्त आलं की बहुतेक लोक त्या बाजूला ब्रश लावणं बंद करतात. बोट कापलं तर आपण तिथं घासत नाही, हेच तर्कशास्त्र. आणि इथं ते नेमकं उलटं पडतं. हे सिद्ध करणारा एक सुरेख प्रयोग आहे. १९६५ साली डेन्मार्कमधल्या आर्हूस इथं हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणंच बंद करायला लावलं. बहुतेक सगळे दंतवैद्यकाचेच विद्यार्थी. दहा ते एकवीस दिवसांत बाराच्या बारा जणांच्या हिरड्या सुजल्या. मग पुन्हा ब्रश हातात दिला आणि आठवडाभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. औषध नाही, व्हिटॅमिनच्या गोळ्या नाहीत, फक्त ब्रश. माझ्याकडे येणाऱ्या रक्तवाल्या पेशंटला मी हीच गोष्ट सांगतो आणि म्हणतो, मऊ ब्रशानं त्याच जागी घासा, दहा दिवसांनी या. साधी सूज असेल तर तेवढ्यात रक्त थांबतं. थांबलं नाही, तर दुखणं खाली गेलंय असं समजायचं.

यावर हमखास येणारा सवाल म्हणजे आजोबांचा. "आमच्या आजोबांनी जन्मात ब्रश धरला नाही, राखुंडीनं दात घासले, नव्वदाव्या वर्षी दातानं ऊस सोलून खायचे. त्याचं काय?" सवाल बिनतोड आहे, आणि त्याचंही उत्तर याच लो साहेबांच्या कामात सापडतं. १९७० साली त्यांनी श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांवरचे ४८० तरुण मजूर तपासले आणि पुढं पंधरा वर्षं त्यांच्यावर नजर ठेवली. हे लोक ब्रश वापरत नव्हते आणि दंतवैद्य त्यांच्या वाऱ्यालाही नव्हता. सगळ्यांच्या दातांवर थर, सगळ्यांच्या हिरड्या सुजलेल्या. तरीही शेकडा ८ जणांचं दुखणं घोड्यासारखं धावलं; चाळिशी-पंचेचाळिशीपर्यंत त्यांचे जवळजवळ सारे दात गेले. शेकडा ८१ जणांचं सावकाश वाढलं. आणि शेकडा ११ जणांच्या हिरड्या सुजल्या, पण त्यापुढं काही झालं नाही. तुमचे आजोबा या अकरांपैकी. अडचण एवढीच, की आपण अकरांत आहोत की आठांत, हे आरशात बघून कळत नाही. आणि ज्यांचे दात पन्नाशीत पडले त्या आजोबांच्या गोष्टी घरात कुणी सांगत नाही.

आपल्याकडं हे ज्ञान नव्हतं, असंही नाही. सुश्रुतानं दातांच्या मुळाशी होणारे पंधरा रोग सांगितले आहेत. त्यांतल्या 'शीताद' या रोगात हिरड्या मऊ पडतात आणि त्यांतून अचानक रक्त येतं. 'दंतवेष्ट' या रोगात पू येतो आणि दात हलतात. आज खुर्चीत बसलेल्या माणसाचं वर्णन वाटावं! चरकानं काडीचं टोक ठेचून मऊ करून दिवसातून दोनदा दात घासायला सांगितलं, आणि ते दातांच्या मांसाला इजा न करता, ही अटही घातली. आम्ही काडी सोडली, अट तर त्याआधीच सोडली. राखुंडी, कोळसा, वीटकर, जे खरबरीत ते चांगलं, हा समज अजून गेलेला नाही. कचकच आवाज आल्याशिवाय दात घासल्याचं समाधान नाही.

मग घासायचं कसं? चार्ल्स बास नावाचे अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचे डॉक्टर होते. दंतवैद्य नव्हेत, मलेरियाचे जंतू शरीराबाहेर वाढवून दाखवण्याबद्दल ते प्रसिद्ध होते. उतारवयात त्यांनी दातांकडं लक्ष वळवलं. त्यांनी सांगितलेली पद्धत आजही आम्ही शिकवतो. ब्रश मऊ घ्यायचा. केस दात आणि हिरडी यांच्या सांध्यावर तिरपे, साधारण ४५ अंशांत टेकवायचे, म्हणजे टोकं त्या खाचेत शिरतात. मग जागच्या जागी बारीक हालचाल, दोन-तीन दातांवर दहा-पंधरा वेळा, आणि पुढं. करवत चालवायची नाही. मी तर म्हणतो, ब्रश मुठीत न धरता पेनासारखा धरा, जोर आपोआप कमी होतो. सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू, माझ्या आईची तीच. तिथं ब्रश उभा धरावा लागतो. पण ब्रश दोन दातांच्या मधे पोचत नाही, आणि दुखणं बहुधा तिथूनच सुरू होतं. फट असेल तर फटीतला बारका ब्रश मिळतो, बाटली धुवायच्या ब्रशाचं पिल्लूच म्हणा ना. फट नसेल तर दोरा. आणि रात्री झोपण्यापूर्वी. एकच वेळ जमणार असेल तर सकाळची सोडा, रात्रीची धरा. पेस्ट कुठली, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि तोच सगळ्यात बिनमहत्त्वाचा आहे. फ्लोराइडची कुठलीही घ्या, ती किडीपासून बचाव करते. हिरडीचं काम ब्रशाचे केस करतात.

पॉकेट झाली असेल तर मात्र घरच्या ब्रशाचं ते काम नव्हे. बारीक खुणा असलेल्या सळईनं प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खोली मोजायची, एक्स-रेवर हाड पाहायचं, मग भूल देऊन हिरडीखालची मुळं साफ करायची. दोन-चार बैठका लागतात. त्यानंतर हिरडीची सूज ओसरते आणि ती मुळाला घट्ट धरते. दात लांब दिसतात, काही दिवस गार पाणी झोंबतं. हे आधी सांगितलं तर पेशंट घाबरत नाही. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा मोजायचं. ज्या जागा खोलच राहिल्या तिथं हिरडी उघडून शस्त्रक्रिया. गेलेलं हाड सहसा परत येत नाही. काही विशिष्ट आकाराच्या खड्ड्यांत हाडाची भर घालून थोडं भरून येतं, पण त्याचं आश्वासन मी कुणाला देत नाही. आहे ते राखायचं. आणि मग दर तीन महिन्यांनी यायचं, हा यातला सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात गुणकारी भाग.

आम्ही डॉक्टर मंडळीही धुतल्या तांदळासारखी नाही. शिबिरं घेतो, दहा मिनिटांत समोरचे दात चकचकीत करतो, खालचं किटण खालीच राहतं. पेशंटला वाटतं झालं काम. दोन वर्षांनी दात पडला की बोल "साफ करण्या"ला लागतो.

१९९३ साली एक एस.टी. कंडक्टर आले. सहा महिन्यांत हिरडीला तिसऱ्यांदा गळू. मी दर वेळी निचरा करून द्यायचो आणि बरं वाटायचं. तिसऱ्या वेळी मला सुबुद्धी झाली आणि रक्तातली साखर तपासायला पाठवलं. तीनशेच्या पुढं. त्यांना मधुमेहाचा पत्ताच नव्हता. योगायोग असा की त्याच वर्षी हाराल्ड लो यांनी हिरड्यांच्या रोगाला मधुमेहाचा सहावा उपद्रव म्हटलं; डोळे, मूत्रपिंड, मज्जातंतू यांच्या पंगतीत हिरड्यांचं पान मांडलं. आज तर हे दुतर्फा आहे असं दिसून आलंय: साखर वाढली की हिरडी बिघडते, आणि हिरडीवर उपचार केले तर साखर थोडी का होईना उतरते.

पुढच्याच वर्षी एका रात्री आई दवाखान्याच्या दारात उभी राहिली. गाल सुजलेला, पदर तोंडाला. सात वर्षांनी तिनं माझ्यासमोर तोंड उघडलं. वरच्या दाढेला गळू. विचारलं तर म्हणाली, दुसरी खेप आहे, मागच्या वेळी लवंग दाबून धरली. मी निचरा केला आणि सकाळी उपाशीपोटी रक्त तपासलं. अंदाज खरा ठरला. तिला मधुमेह होता.

त्यानंतर तिनं साखरेची गोळी घेतली, दर तीन महिन्यांनी खुर्चीत बसली, पण मिश्री सोडली नाही. दातांच्या पेस्टमध्ये आणि पावडरीत तंबाखू घालायला १९९२ साली सरकारनं बंदी केली. पण घरच्या तव्यावर बंदी कोण घालणार? मी रागावलो, विनवलं, डबी लपवली. ती नवी भाजायची. १९९८ साली एकदा ती ओसरीवर धान्य निवडत बसली होती, आणि माझी चार वर्षांची मुलगी शेजारी बसून डबीत बोट घालून आजीसारखीच दातांवर फिरवत होती. आईनं तिचं तोंड पदरानं पुसलं, चुळा भरायला लावल्या आणि डबी उचलून परसातल्या उकिरड्यावर टाकली. पुढचे दोन महिने तिचे फार वाईट गेले. डोकं धरून बसायची, कुणावरही खेकसायची. चिंचोके चघळायची, बडीशेप चघळायची. पण पुन्हा मिश्री भाजली नाही.

आता ती ऐंशीची आहे. स्वतःचे अकरा दात आहेत, बाकी कवळी. अकरांतले दोन अजून थोडे हलतात. गेली वीस वर्षं तेवढेच हलतात. रात्री कवळी काढून ठेवते, बारक्या ब्रशानं फटी साफ करते, आणि दृष्टी अधू झाल्यामुळं ब्रशावर रक्त आहे का, ते सुनेला विचारते. गल्लीतल्या बायकांना माझ्याकडं पाठवते तेव्हा आधीच बजावते, "त्यानं साफ केल्यावर हलायला लागलं तर त्याच्या नावानं ओरडू नका. आधी बोटानं बघून जावा, हलतंय का ते."

गेल्या महिन्यात तपासणीला आली होती. मी सळई लावून आकडे सांगत होतो, असिस्टंट लिहून घेत होती. संपल्यावर मी दिवा बंद केला, तर तिनं माझा हात धरला.

"मोजलंस?"

"मोजलं."

"किती हायेत?"

"अकरा."

"मागच्या टायमाला?"

"अकराच होते, आई."

मग ती चूळ भरायला उठली.